यूजर प्रोफाइल बिघडल्यावर फायली कशा वाचवाव्यात आणि खाते कसे दुरुस्त करावे

पावसाळ्यात खानापूर तालुक्यात किंवा बेळगावच्या पश्चिमेकडील गावांत संगणकावर काम करणाऱ्याला हा प्रसंग नवा नसेल. काम अर्ध्यावर असताना करंट जातो, थोड्या वेळाने येतो, संगणक सुरू होतो, पासवर्डही स्वीकारला जातो. परंतु समोर उघडणारा डेस्कटॉप आपला नसतो. निळ्या पडद्यावर रिसायकल बिन आणि एखाददुसरे चिन्ह एवढेच दिसते. पतसंस्थेच्या सभासदांच्या याद्या, अर्धवट झालेल्या लग्नपत्रिका, ‘ग्राम वन’ या सरकारी सेवा केंद्रातील स्कॅन केलेले अर्ज यांपैकी कशाचाही मागमूस नसतो. अशा वेळी संगणक उचलून दुकानात नेला, तर पुष्कळदा ‘फॉरमॅट मारून देतो’ असे उत्तर मिळते, आणि घाबरलेला मालक त्याला होकारही देऊन बसतो. माझे सांगणे एवढेच आहे की हा होकार देऊ नये; कारण या बिघाडात फायली बहुधा जागच्या जागीच असतात, आणि त्या नाहीशा होतात त्या बिघाडामुळे नव्हे, तर घाईने केलेल्या दुरुस्तीमुळे.

विंडोजमध्ये प्रत्येक वापरकर्त्याचे एक फोल्डर सी ड्राइव्हवरील ‘यूजर्स’ या फोल्डरात असते; हेच त्याचे प्रोफाइल. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स हे सारे त्यातच असते. त्याच फोल्डरात ‘एनटीयूजर डॉट डॅट’ नावाची एक लपलेली फाइल असते, आणि त्या वापरकर्त्याच्या सर्व मांडण्या (सेटिंग्ज) तिच्यात साठवलेल्या असतात. कोणत्या वापरकर्त्याचे फोल्डर कोठे आहे याची नोंद मात्र वेगळ्या ठिकाणी, विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे तिच्या अंतर्गत नोंदवहीत, ‘प्रोफाइललिस्ट’ या नावाखाली असते. शेत जागेवरच असावे आणि उताऱ्यावरची नोंद मात्र चुकावी, तसा हा प्रकार आहे. नोंद बिघडली किंवा एनटीयूजर फाइल वाचता आली नाही, की विंडोज वापरकर्त्याला तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे ‘टेम्प’ नावाच्या फोल्डरात, नेऊन बसवते. विजेचा अचानक खंड, जुनी होत चाललेली हार्ड डिस्क, पूर्ण भरलेला सी ड्राइव्ह, साइन-इनच्या क्षणी एनटीयूजर फाइल अडवून धरणारा अँटीव्हायरस ही याची नेहमीची कारणे आहेत. कधी खुद्द विंडोजचे अपडेटही कारण ठरते. फेब्रुवारी २०२० मध्ये विंडोज १० च्या एका अपडेटनंतर अनेकांना असाच रिकामा डेस्कटॉप दिसला होता.

पुढील पायऱ्या विंडोज १० आणि ११ या दोन्हींना लागू आहेत. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असला, तरी आपल्या भागातील अनेक दुकानांत आणि सोसायट्यांत तीच प्रणाली चालू आहे. लेखातील आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या अर्थातच इंग्रजी अक्षरांत द्यायच्या आहेत.

पहिली पायरी: हात आवरणे

रिकामा डेस्कटॉप दिसताच त्यावर काम सुरू करू नये. तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये जतन केलेली प्रत्येक फाइल साइन-आउट होताच पुसली जाते. बेळगाव तालुक्यातील एका गावच्या साहित्य संमेलनाची स्मरणिका आमच्याकडे होती तेव्हाची गोष्ट. सकाळी डेस्कटॉप रिकामा दिसला, म्हणून मदतीला आलेल्या मुलाने पेन ड्राइव्हवरची प्रत डेस्कटॉपवर घेतली, दिवसभर मुद्रणदोष दुरुस्त केले आणि संध्याकाळी नेहमीप्रमाणे संगणक बंद केला. मूळ फाइल पुढे सुखरूप सापडली. त्या एका दिवसाच्या दुरुस्त्या मात्र कायमच्या गेल्या. त्याला दोष देता येत नाही, कारण पडद्यावरची सूचना इंग्रजीत होती आणि तिचा चौकोन बंद करण्याची सवय आपल्या सर्वांनाच आहे. म्हणून अशा स्थितीत काही जतन झालेच असेल, तर साइन-आउट करण्यापूर्वी ते पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावे.

दुसरी पायरी: नेमके काय बिघडले आहे ते पाहणे

कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची खिडकी, साध्या पद्धतीने उघडावा. त्यात आज्ञा लिहिण्याच्या ओळीच्या सुरुवातीला सध्याच्या वापरकर्त्याच्या फोल्डरचा पत्ता दिसतो. तेथे आपल्या नावाऐवजी ‘टेम्प’ असेल, तर निदान झाले. अधिक खात्री हवी असल्यास इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या घडामोडींच्या नोंदवहीमध्ये ‘विंडोज लॉग्ज’ आणि त्याखाली ‘ॲप्लिकेशन’ उघडावे. १५११ आणि १५१५ या क्रमांकांच्या नोंदी तात्पुरत्या प्रोफाइलची साक्ष देतात. साइन-इनच्या पडद्यावरच ‘यूजर प्रोफाइल सर्व्हिस’ अयशस्वी झाल्याचा संदेश येऊन खाते उघडतच नसेल, तर दुखणे तेच असते. फक्त विंडोजला तात्पुरते प्रोफाइलही उभे करता आलेले नसते.

मात्र रिकामा डेस्कटॉप म्हणजे प्रत्येक वेळी बिघडलेले प्रोफाइल नव्हे. वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण) चालू असेल, तर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही फोल्डरे त्याच्या फोल्डरात हलवली गेलेली असू शकतात, आणि वनड्राइव्ह बंद केल्यावर जुन्या जागा रिकाम्या दिसतात. ड्राइव्ह फॉरमॅट न करता विंडोज नव्याने टाकले गेले असेल, तर फायली सी ड्राइव्हवरील ‘विंडोज डॉट ओल्ड’ फोल्डरात असतात. हे फोल्डर सुमारे १० दिवसांनी विंडोज स्वतःच काढून टाकते, म्हणून तेथे चालढकल नको.

यानंतर एकदा ‘रिस्टार्ट’ करून पाहावे. ‘शट डाउन’ आणि ‘रिस्टार्ट’ यांत येथे फरक आहे: फास्ट स्टार्टअप चालू असताना शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा पूर्णपणे बंद होत नाही, तर डिस्कवर निजवून ठेवला जातो, रिस्टार्टमध्ये तो खरोखरच नव्याने सुरू होतो. अँटीव्हायरसने फाइल अडवली असेल, तर एवढ्यानेच काम भागते.

तिसरी पायरी: फायलींची प्रत

दुरुस्तीला हात लावण्यापूर्वी प्रत घ्यावी. हा क्रम उलटा करू नये, कितीही घाई असली तरी. प्रत कोठून घ्यायची हे संगणकाच्या स्थितीवर अवलंबून आहे.

संगणकात ॲडमिनिस्ट्रेटर अधिकाराचे दुसरे खाते असेल, तर त्यात साइन-इन करावे, एक्स्टर्नल हार्ड डिस्क जोडावी आणि सी ड्राइव्हवरील ‘यूजर्स’ फोल्डरात आपल्या नावाचे फोल्डर शोधावे. ते उघडताना परवानगी नसल्याचा संदेश आला, तर ‘कंटिन्यू’ दाबावे. दुसरे खाते नसेल, तर साइन-इनच्या पडद्यावरील पॉवरच्या चिन्हातून शिफ्ट दाबून धरून ‘रिस्टार्ट’ निवडावे. मग ‘ट्रबलशूट’, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ या मार्गाने जाऊन पुन्हा ‘रिस्टार्ट’ केल्यावर ४ हा आकडा दाबला, की सेफ मोड, म्हणजे फक्त अत्यावश्यक गोष्टींसह चालणारे विंडोज, सुरू होतो. बिघडलेले खाते सेफ मोडमध्ये कित्येकदा उघडते. उघडल्यास कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवून ‘नेट यूजर’, पुढे नव्या खात्याचे नाव, पासवर्ड आणि ‘स्लॅश ॲड’ अशी आज्ञा द्यावी. नंतर ‘नेट लोकलग्रुप ॲडमिनिस्ट्रेटर्स’, तेच नाव आणि ‘स्लॅश ॲड’ अशी दुसरी. नाव साध्या इंग्रजी अक्षरांत, एका शब्दाचे ठेवावे. खात्याचे नाव मराठीत किंवा कन्नडमध्ये ठेवता येते, पण मग फोल्डरच्या पत्त्यात ती अक्षरे येतात आणि काही जुने प्रोग्राम त्यावर अडतात.

विंडोज सुरूच होत नसेल, तर दोन मार्ग उरतात. उबुंटू किंवा लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवरून, संगणकात न बसवता, चालवून फायली बाहेर काढता येतात. किंवा डिस्क काढून यूएसबी केसिंगमध्ये घालून दुसऱ्या संगणकाला जोडता येते. डिस्कवर बिटलॉकर हे विंडोजचे कुलूप असेल, तर दोन्ही ठिकाणी ४८ अंकी रिकव्हरी की लागते. आजकालच्या अनेक लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने पहिले साइन-इन होताच हे कुलूप आपोआप लागते आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते; अशी की बहुधा त्याच मायक्रोसॉफ्ट खात्याच्या संकेतस्थळावर जतन झालेली असते.

फोल्डर माउसने ओढून कॉपी केले, तर एखाद्या अडलेल्या फाइलपाशी सारी प्रक्रिया थांबून राहते. त्यापेक्षा विंडोजमध्येच असलेली ‘रोबोकॉपी’ ही आज्ञा वापरावी. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये प्रथम रोबोकॉपी, मग जुन्या फोल्डरचा पत्ता, मग नव्या जागेचा पत्ता, हे दोन्ही दुहेरी अवतरणचिन्हांत, आणि त्यानंतर स्लॅश ई, स्लॅश बी, स्लॅश एक्सजे, स्लॅश आर कोलन १, स्लॅश डब्ल्यू कोलन १ असे लिहावे. यांतील ‘ई’मुळे आतली सर्व फोल्डरे घेतली जातात, तर ‘बी’मुळे परवानगीचे अडथळे ओलांडले जातात. ‘एक्सजे’ विशेष महत्त्वाचे आहे, कारण प्रोफाइलमध्ये काही फोल्डरे केवळ दुसऱ्या फोल्डरांकडे बोट दाखवणारी असतात, आणि त्यांच्यामागे गेलेली प्रत स्वतःतच गोल गोल फिरत राहते. शेवटचे दोन पर्यायही विसरू नयेत. रोबोकॉपीची मूळ मांडणी अडलेल्या एका फाइलसाठी दर वेळी ३० सेकंद थांबून १० लाख वेळा प्रयत्न करण्याची आहे. पत्त्याच्या शेवटी, अवतरणचिन्हाच्या आधी, उलटी तिरकी रेघ देऊ नये. तिच्यामुळे आज्ञेचा अर्थच बदलतो.

प्रत झाल्यावर दोन्ही फोल्डरांच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये फायलींची संख्या ताडून पाहावी आणि महत्त्वाच्या चार-पाच फायली प्रत्यक्ष उघडून बघाव्यात. दोन्ही संख्या तंतोतंत जुळणार नाहीत, पण मोठी तफावत असेल तर पुढे जाऊ नये.

एक अपवाद मात्र ध्यानात ठेवावा. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, किंवा लहानशी फाइल उघडायलाही मिनिटे लागत असतील, तर संपूर्ण प्रोफाइलचा हट्ट धरू नये. ज्यांच्यावाचून अडेल अशा फायली प्रथम उचलाव्यात. अशा डिस्कवर ‘चेकडिस्क’ ही तपासणीची आज्ञाही चालवू नये, सारी डिस्क वाचून काढण्याचा तो ताण मरणासन्न डिस्कला सोसत नाही. लिनक्सची माहिती असलेल्याने ‘डीडीरेस्क्यू’ या साधनाने आधी डिस्कची संपूर्ण प्रतिमा, म्हणजे हुबेहूब प्रत, घ्यावी आणि पुढचे सारे काम त्या प्रतिमेवर करावे.

चौथी पायरी: नोंदीची दुरुस्ती

प्रत हाती आल्यावरच रजिस्ट्रीकडे वळावे. सिस्टम रिस्टोर, म्हणजे विंडोजला मागच्या स्थितीवर परत नेण्याची सोय, चालू असेल आणि बिघाडापूर्वीचा बिंदू उपलब्ध असेल, तर आधी तो वापरून पाहावा. त्याने दस्तऐवजांना धक्का लागत नाही आणि पुष्कळदा एवढ्यानेच नोंद पूर्ववत होते. पूर्वी विंडोज रजिस्ट्रीची एक प्रत आपणहून ‘रेगबॅक’ फोल्डरात ठेवत असे, आणि जुन्या माहितीपर लेखांत अजूनही तिचा हवाला दिला जातो. परंतु विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीपासून ते थांबले आहे, त्यामुळे तेथे बहुधा शून्य आकाराच्या फायली मिळतात.

दुसऱ्या खात्यातून रजिस्ट्री एडिटर उघडावा. ‘एच-की लोकल मशीन’, ‘सॉफ्टवेअर’, ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘विंडोज एनटी’, ‘करंट व्हर्जन’ या क्रमाने ‘प्रोफाइललिस्ट’पर्यंत पोहोचावे. त्यावर राइट-क्लिक करून ‘एक्स्पोर्ट’ने त्याची प्रत काढून ठेवावी, येथील चूक परत फिरवण्याचा हा सोपा मार्ग आहे. आत एस-१-५-२१ ने सुरू होणारी लांबलचक नावे दिसतील. प्रत्येकावर क्लिक केल्यावर उजवीकडे ‘प्रोफाइल इमेज पाथ’ दिसतो, आणि त्यावरून ती नोंद कोणाची आहे ते कळते.

बिघडलेल्या खात्याच्या बाबतीत बहुधा एकाच क्रमांकाच्या दोन नोंदी आढळतात: एक साधी आणि एक ‘डॉट बॅक’ अशी शेपटी असलेली. साधी नोंद ‘टेम्प’कडे बोट दाखवत असते, शेपटीवाली आपल्या खऱ्या फोल्डराकडे. म्हणजे विंडोजने खरी नोंद बाजूला सारून खोटी पुढे केलेली असते. साध्या नोंदीचे नाव बदलून तिच्या शेवटी ‘डॉट ओल्ड’ जोडावे, आणि मग शेपटीवाल्या नोंदीची शेपटी काढावी. हाच क्रम पाळावा लागतो, कारण एकाच नावाच्या दोन नोंदी रजिस्ट्री स्वीकारत नाही. केवळ शेपटीवालीच नोंद असेल, तर तिची शेपटी काढली की पुरे. त्यानंतर त्या नोंदीतील ‘स्टेट’ या मूल्यावर दोनदा क्लिक करून ते ० करावे. ‘रेफकाउंट’ असेल तर तेही ० करावे. प्रोफाइल इमेज पाथमधील पत्ता प्रत्यक्ष फोल्डराच्या नावाशी अक्षरशः जुळतो ना, तेही पाहावे. मग रिस्टार्ट.

खाते पूर्वीसारखे उघडले, तर ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये प्रथम ‘डिझम’, म्हणजे डीआयएसएम, स्लॅश ऑनलाइन, स्लॅश क्लीनअप-इमेज, स्लॅश रिस्टोरहेल्थ, आणि नंतर ‘एसएफसी’, स्लॅश स्कॅननाउ या आज्ञा चालवून विंडोजच्या स्वतःच्या फायली तपासून घ्याव्यात.

पाचवी पायरी: नोंद सुधारूनही जमले नाही तर

एनटीयूजर फाइलच खराब झाली असेल, तर नोंद कितीही सरळ केली तरी उपयोग होत नाही. मग नवे खाते उघडून त्यात एकदा साइन-इन करावे, म्हणजे त्याचे फोल्डर तयार होते. नंतर साइन-आउट करून तिसऱ्या खात्यातून जुन्या फायली त्यात घालाव्यात. एनटीयूजर डॉट डॅट, तिच्याच नावाची लॉग फाइल आणि ‘एनटीयूजर डॉट आयएनआय’ या मात्र नव्या खात्यात आणू नयेत; त्या आणल्या तर जुना रोगही बरोबर येतो. नवे खातेही टेम्पमध्येच उघडत असेल, तर ‘यूजर्स’मधील ‘डिफॉल्ट’ हे लपलेले फोल्डर बिघडलेले आहे असे समजावे, कारण प्रत्येक नवे प्रोफाइल त्याच्याच साच्यातून निघते. विंडोजची तीच आवृत्ती असलेल्या चांगल्या संगणकावरून ते फोल्डर आणून बसवता येते.

दस्तऐवज व छायाचित्रे परत ठेवणे सोपे आहे. राहून जाते ते ‘ॲपडेटा’ या लपलेल्या फोल्डरातील सामान. त्याच्या ‘लोकल’ भागात क्रोमचे बुकमार्क असतात, तर ‘रोमिंग’ भागात फायरफॉक्सचे प्रोफाइल आणि वर्डची टेम्पलेट्स. वर्डमध्ये जतन न केलेला मजकूर ‘लोकल’, ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘ऑफिस’ या मार्गावरील ‘अनसेव्हड फाइल्स’मध्ये सापडू शकतो. क्रोममध्ये साठवलेले पासवर्ड मात्र फोल्डर उचलून आणल्याने मिळत नाहीत, कारण त्यांचे कुलूप जुन्या खात्याशी बांधलेले असते. जीएसटी विवरणपत्रे भरणाऱ्यांची डिजिटल स्वाक्षरी यूएसबी टोकनवर असते, त्यामुळे तिला धोका नाही.

सहावी पायरी, जी सीमाभागात वगळता येत नाही

येथल्या बहुतेक डीटीपी दुकानांत एकाच संगणकावर मराठी आणि कन्नड दोन्ही कामे चालतात. मराठीसाठी श्रीलिपी, कन्नडसाठी नुडी किंवा बरहा, आणि त्यांच्या जोडीला युनिकोड. नव्या खात्यात जुनी पत्रिका उघडल्यावर अक्षरांऐवजी इंग्रजी चिन्हांचा चिवडा दिसला, की फाइल खराब झाली असे समजून ती टाकून देणारे मी पाहिले आहेत. फाइल शाबूत असते. या जुन्या फॉन्टांत मराठी किंवा कन्नड अक्षरे खऱ्या अर्थाने साठवलेलीच नसतात; इंग्रजी अक्षरांच्या जागांवर त्यांची चित्रे बसवलेली असतात, आणि फॉन्ट नाहीसा झाला की मूळ चिन्हे उघडी पडतात.

फॉन्ट नाहीसा का होतो, याचे कारण प्रोफाइलमध्येच आहे. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून फॉन्टवर ‘इन्स्टॉल’ दाबले, की तो साधारणतः त्या एका वापरकर्त्यापुरताच बसतो आणि ॲपडेटामधील ‘लोकल’, ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘विंडोज’, ‘फॉन्ट्स’ या फोल्डरात राहतो. जुन्या प्रोफाइलच्या प्रतीतून हे फोल्डर उघडावे, सर्व फॉन्ट निवडावेत आणि या वेळी राइट-क्लिक करून ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स’ हा पर्याय घ्यावा, म्हणजे पुढे खाते बदलले तरी फॉन्ट जागेवर राहतात. चिवडा असलेली फाइल त्याआधी जतन करू नये, आणि दुसरा फॉन्ट सुचवणाऱ्या खिडकीत होकार देऊ नये. नाहीतर कोणत्या परिच्छेदाला कोणता फॉन्ट होता ही माहितीच पुसली जाते.

कळफलकाचेही तसेच. मराठी आणि कन्नड इनस्क्रिप्ट हे कळफलक प्रत्येक खात्याला वेगळे जोडावे लागतात, ‘सेटिंग्ज’मधील ‘टाइम अँड लँग्वेज’मधून.

पुसल्या गेलेल्या फायली

तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये जतन होऊन पुसल्या गेलेल्या फायली परत मिळण्याची आशा डिस्कच्या प्रकारावर अवलंबून आहे. फिरत्या हार्ड डिस्कवर ती बरीच असते, मात्र संगणक ताबडतोब वापरातून काढला तरच. एसएसडीवर ‘ट्रिम’मुळे पुसलेल्या जागा लवकरच खरोखर रिकाम्या केल्या जातात, आणि मग कोणतेच साधन उपयोगी पडत नाही. मायक्रोसॉफ्टचे ‘विंडोज फाइल रिकव्हरी’, तसेच ‘रेकुव्हा’ आणि ‘फोटोरेक’ ही साधने विनामूल्य मिळतात. फोटोरेक फायलींची मूळ नावे परत देत नाही. शेकडो क्रमांकांतून आपली फाइल ओळखण्याची तयारी ठेवावी. साधन कोणतेही असो, ते त्याच ड्राइव्हवर बसवू नये आणि सापडलेल्या फायलीही तेथे उतरवू नयेत. पेन ड्राइव्ह लागतोच.

सर्व काही रुळावर आल्यावरही जुने प्रोफाइल महिनाभर तसेच राहू द्यावे. एखादी विसरलेली फाइल महिनाअखेरीच्या हिशेबाच्या वेळीच आठवते. नंतर ते काढताना ‘यूजर्स’मधील फोल्डर नुसते डिलीट करू नये, कारण रजिस्ट्रीतील नोंद मागे राहते, आणि त्या खात्यात पुन्हा साइन-इन केले तर विंडोज त्याला परत टेम्पमध्येच बसवते. ‘सिस्टम प्रॉपर्टीज’मधील ‘ॲडव्हान्स्ड’ पानावर ‘यूजर प्रोफाइल्स’च्या ‘सेटिंग्ज’मध्ये जावे, यादीतून जुने प्रोफाइल निवडावे आणि तेथूनच ते डिलीट करावे, त्यामुळे फोल्डर आणि नोंद दोन्ही एकदम जातात.